घरच्या घरी इंजिनाचे माउंटिंग बदलताना

इंदूरला विजयनगरच्या किंवा पलासियाच्या चौकात एसी लावून उभ्या असलेल्या गाडीचे स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि बसण्याची सीट एकदम थरथरू लागली, आणि सिग्नल सुटून गाडी पुढे सरकताच ती थरथर नाहीशी झाली, तर पहिला संशय इंजिनाच्या माउंटिंगवर घ्यावा. इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट बोल्टने आवळलेले नसते. मधे धातूच्या दोन भागांना चिकटवलेला रबराचा ठोकळा असतो आणि इंजिनाची हालचाल तोच पोटात घेतो. आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये एक माउंटिंग टायमिंगच्या (इंजिनाच्या टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या) बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला आणि एक खाली किंवा मागे असते. पहिली दोन वजन पेलतात. तिसरे अनेकदा दोन्ही टोकांना बुश, म्हणजे कड्यात बसवलेले रबर, असलेल्या दांड्याच्या रूपात असते; ते वजन फारसे घेत नाही, पण वेग देताना आणि सोडताना इंजिनाला बसणारा झोल रोखून धरते.

नवे माउंटिंग आणण्यापूर्वी निदान पक्के करणे ही या कामातली सर्वांत मोलाची पायरी आहे, कारण थरथरीची कारणे अनेक असतात. स्पार्क प्लग झिजून एखादा सिलिंडर मिसिंग करत (म्हणजे मधूनच पेट न घेता) असेल, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल किंवा आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) फार खाली गेले असेल, तरी गाडी तशीच थरथरते. शिवाय आल्टो किंवा वॅगन-आर १.० यांसारख्या तीन सिलिंडरच्या गाड्यांमध्ये थोडी थरथर रचनेतच असते, तिची तुलना चार सिलिंडरच्या गाडीशी करू नये. माउंटिंग गेल्याच्या खुणा जरा वेगळ्या असतात. क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘ठक्’ असा एकच आवाज येतो, वेग देताना आणि अचानक सोडताना गिअरचा दांडा पुढेमागे उडी मारतो, आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या मानपूर घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना पायाखाली घुमणारा आवाज सपाटीवर ऐकू येत नाही.

खात्री करण्यासाठी दोन माणसे लागतात. बॉनेट उघडे ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढावा, चालकाने ब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर टाकावा आणि क्लच किंचित, क्षणभरच सोडून पुन्हा दाबावा. मग रिव्हर्समध्ये तेच करावे. पाहणाऱ्याने बाजूला, मडगार्डपाशी उभे राहावे. गाडीच्या समोर किंवा मागे या वेळी कोणीही, विशेषतः लहान मूल, असता कामा नये. इंजिन थोडे कलणे स्वाभाविक आहे. पण ते एका बाजूने उचलले जाऊन आपटत असेल, तर त्या बाजूचे रबर फाटलेले आहे. नंतर इंजिन बंद आणि थंड असताना टॉर्चच्या उजेडात रबर पाहावे आणि धातूच्या दोन भागांमध्ये लांब पहारीने हलका जोर द्यावा. वरवर धड दिसणाऱ्या रबरातली चीर जोर देताच तोंड उघडते. काही माउंटिंगांच्या पोटात द्रव भरलेला असतो. त्याच्या खाली काळपट ओघळ दिसला, तर ते निकामी झाले आहे असे समजावे. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून तेल झिरपून रबरावर पडत असेल, तर आधी ते गॅस्केट बदलावे. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते, त्यामुळे नवे माउंटिंगही त्याच वाटेने जाईल.

सुटा भाग निवडताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगून भाग क्रमांक जुळवून घ्यावा, आणि मूळ माउंटिंग द्रवाचे असेल तर द्रवाचेच घ्यावे. केवळ रबराचे स्वस्त माउंटिंग बसते खरे, पण आयडलवरची थरथर वाढते. पॉलियुरेथेनचे कडक बुश झोल कमी करतात आणि त्याच प्रमाणात कंपने आत आणतात. रोज घर ते ऑफिस चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

आता जागा. इंदूरच्या जुन्या वसाहतींत, रामबाग काय किंवा लोकमान्यनगर काय, पोर्चला रस्त्याकडे उतार असतो, आणि घरामागच्या मोकळ्या जागेत माळव्याची काळी माती असते. दोन्ही ठिकाणी हे काम करू नये. पावसाळ्यात ही माती मऊ होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर टणक दिसली तरी जॅकचा पाया तीत एका बाजूने खचतो. सपाट काँक्रीट किंवा पक्की फरशी हवी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेत, आणि गाडीखाली जायचे असेल तर जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलणारे पक्के पाय) हवेतच. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. हा नियम एका मिनिटाच्या कामालाही लागू आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, तेव्हा पहाटे, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना काम सुरू करणे सोयीचे पडते.

हत्यारे फार नाहीत: गोटी पान्यांचा संच, लांब दांडा, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळता येणारा), ट्रॉली जॅक, गंज सोडवणारे तेल आणि साधारण २५ मिलिमीटर जाडीची, वीतभर रुंद लाकडी फळी. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत यातले बहुतेक मिळते. गंजलेल्या बोल्टवर तेल आदल्या संध्याकाळीच सोडावे, मात्र शाबूत असलेल्या रबरावर ते उडू देऊ नये. गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग अनेक गाड्यांत बॅटरीच्या तबकाखाली असते. तेथे आधी बॅटरीची ऋण तार, मग धन तार काढावी. टायमिंगच्या बाजूला कूलंटची टाकी आड येत असेल तर ती सोडवून बाजूला टेकवावी आणि तिचे झाकण गरम असताना उघडू नये. काहीही सोडण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत आणि ब्रॅकेटची मूळ जागा रंगाच्या रेघेने सांगाड्यावर खुणावून ठेवावी.

इंजिनाला आधार देणे हा या कामाचा गाभा आहे. जॅक आणि इंजिन यांच्या मधे लाकडी फळी घालावी, म्हणजे वजन पसरते. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरचा पातळ पत्रा जॅकच्या तबकाने आत दबला, तर तेल ओढणाऱ्या जाळीपुढची जागा कमी होते आणि इंजिनाला तेल कमी पडते. अॅल्युमिनियमचा चेंबर असेल तर तो तडकतोही. म्हणून फळी चेंबरच्या कडेच्या भक्कम भागाखाली किंवा गिअरबॉक्सच्या कवचाखाली यावी. तेल सोडण्याचा बोल्ट, फिल्टर, पुली आणि एसीचा कॉम्प्रेसर यांना ती लागू नये. जॅक हळूहळू चढवावा आणि माउंटिंगवरचा भार उतरताच थांबावे. ही वाढ काही मिलिमीटरांचीच असते. त्याहून वर नेल्यास रेडिएटरचे होज, एसीचे पाइप, सायलेन्सरचा लवचीक जोड आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट ताणले जातात. भार नेमका उतरला की नाही, हे बोल्टच सांगतो: पान्याने पहिला आटा सुटल्यावर तो बोटांनी फिरू लागला, तर उंची बरोबर आहे, तो अडत, करकरत येत असेल, तर जोर न लावता जॅक किंचित वर किंवा खाली करून पाहावा. जोर लावला तर आटे जातात, आणि सांगाड्यातले आटे गेले की घरचे काम तेथेच थांबते.

एका वेळी एकच माउंटिंग सोडावे. दोन एकदम सोडल्यास इंजिन बाजूला सरकते आणि पुढे कोणतेही भोक जुळत नाही. जुने काढताना बोटे ब्रॅकेट आणि इंजिन यांच्या फटीत घालू नयेत. जुने आणि नवे शेजारी ठेवून भोकांचे अंतर, उंची आणि बाणाची खूण ताडून पाहावी. खचलेले जुने रबर थोडे बुटके दिसणारच. टेकणीच्या जागेवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून नवे माउंटिंग बसवावे आणि सगळे बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे चढवावेत. काही गाड्यांत इंजिनाची अर्थिंगची पट्टी याच बोल्टखाली येते. ती विसरली तर स्टार्टर नीट फिरत नाही.

बोल्ट हलके टेकल्यावर जॅक उतरवून वजन नव्या रबरावर येऊ द्यावे, इंजिन हाताने दोन-चारदा पुढेमागे हलवावे आणि मगच अखेरचे आवळावे. इंजिन अधांतरी असताना आवळल्यास रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. आवळण्याचे मोजमाप त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावे, कारण एकाच माउंटिंगचे सांगाड्याकडचे आणि इंजिनाकडचे बोल्टही अनेकदा वेगवेगळ्या मापाने आवळले जातात. मॅन्युअलमध्ये नवा बोल्ट वापरण्याची सूचना असेल तर जुना परत लावू नये.

तिसऱ्या, दांड्याच्या माउंटिंगचे काम सर्वांत शेवटी करावे. तो पूर्ण नवा मिळत असेल तर तोच घ्यावा. नुसता बुश बदलायचा असेल तर जुन्या बुशातल्या पोकळ्या कोणत्या दिशेला आहेत ते दांड्यावर खुणावून, तो हायड्रॉलिक प्रेस असलेल्या खराद (लेथ) कारखान्यात न्यावा. हातोड्याने ठोकून नवा बुश तिरका बसतो, आणि जुना रबर जाळून काढल्यास विषारी धूर होतो. दांड्याचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असताना, इंजिन आपल्या स्वाभाविक जागी आल्यावर आवळावेत. जागा कमी असेल तर त्यासाठी सर्व्हिसच्या खड्ड्याची सोय पाहावी.

बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे, एसी लावून आणि बंद करून थरथर पाहावी, नंतर मोकळ्या गल्लीत सावकाश पुढेमागे जाऊन ‘ठक्’ गेला का ते ऐकावे. काही दिवसांनी, आणि सुट्टीत नाशिक-पुण्याकडे लांबचा प्रवास ठरला असेल तर निघण्यापूर्वी, सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.