उन्हातलं बडोदं पायी पाहायचंय? आधी ही तयारी करा

पिशवी भरायच्या आधी एक कागद घ्या, पाहायची ठिकाणं लिहा आणि प्रत्येकापुढे एवढंच टिपा: छप्पर आहे की नाही. पाहुण्यांचा दिवस टोपी विसरल्याने फारसा बिघडत नाही, भर साडेबाराला सुरसागर तलावाच्या काठावर उभं राहिल्याने बिघडतो. उघड्यावरचं सकाळी किंवा पाचनंतर, छपराखालचं अकरा ते चार. बाकीची तयारी यानंतरची.

वारही आत्ताच बघा. सोमवारी लक्ष्मी विलास राजवाडा बंद असतो आणि त्याच आवारातलं फत्तेसिंह म्युझियमही. म्हणजे दुपारी सावलीत घालवायचे हक्काचे दोन तास गेले. सोमवार सोडाच, आणि सरकारी सुट्टी असेल तर सयाजीबागेतल्या म्युझियमची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

निघा मांडवीपासून, आठच्या आत. चारही बाजूंना तीन-तीन कमानी असलेली ती चौकोनी इमारत रहदारी वाढायच्या आत नीट दिसते. तिथून लहेरीपुरा दरवाजाकडे चाला, उलट दिशेने नको. हा रस्ता पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे असं चाललं की सकाळचं ऊन पाठीवर राहतं, डोळ्यांत येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून सावली डाव्या हाताच्या दुकानांपाशी मिळते. तीच कड धरून चाला. मे-जूनमध्ये ही युक्ती चालत नाही. बडोदं कर्कवृत्ताच्या जेमतेम एक अंश खाली आहे, दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि रस्त्याच्या दोन्ही कडा सारख्याच तापतात. त्या दिवसांत साडेदहाला चालणं थांबवायचं, मग कितीही राहिलेलं असो.

लहेरीपुऱ्याबाहेर १८९६ सालचं न्यायमंदिर, समोर सुरसागर, पुढे १९०६ सालचं खंडेराव मार्केट. मार्केटला भाजी आणि फुलं सकाळीच ताजी असतात, म्हणून ते राजवाड्याच्या आधी. राजवाड्यात ऑडिओ गाइड घ्या आणि घाई करू नका. दरबार हॉलची मोझॅइकची जमीन आणि रंगीत काचा बघण्यात दुपार गारव्यात जाते. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा मोठा कॅमेरा गळ्यात वागवण्यात अर्थ नाही. तिथून रावपुऱ्यापर्यंत रिक्षा करा. पायी फिरायचा दिवस म्हणून भर दुपारचे ते दीड-दोन किलोमीटरही पायीच तुडवण्याचा हट्ट कशाला? तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, मग काळा घोडा म्हणजे सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा, मग सयाजीबाग. सगळं धरून सात-आठ किलोमीटर होतात.

आता पाय. नवे बूट अजिबात नकोत. किमान आठवडाभर वापरलेले हवेत. उन्हात चालून दुपारपर्यंत पाय थोडे सुजतात, म्हणून सकाळी बोटांपुढे अर्धा इंच जागा राहिली पाहिजे. सकाळी घट्ट बसणारा बूट तीनच्या सुमाराला अंगठ्याचं नख दुखवतो. फोड येतो तो ओल आणि घर्षण एकत्र आल्यावर. निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो, त्यापेक्षा मिश्र धाग्याचा बरा. टाचेला आणि करंगळीला निघतानाच कागदी चिकटपट्टी लावा. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून पट्टी लावायची, ‘पुढच्या चौकात बघू’ म्हटलं की फोड आलाच. मोज्यांचा एक जादा जोड ठेवा, दुपारी बदला. देवळात बूट काढावे लागतात आणि तापलेली फरशी तळपाय भाजते. मोजे घालूनच आत जा.

पाणी माणशी दोन लिटर लागतं, पण सगळं खांद्यावर नको. एक लिटरची बाटली घ्या आणि जेवताना पुन्हा भरा. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. नुसतं पाणी ढोसलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, नाहीतर घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचाच. मीठ अंदाजाने वाढवू नका. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं. सेवउसळ खायचीच, पण सकाळी. दुपारी ती तिखट तर्री पोटात गेली की पाण्याचा हिशेब कोलमडतो. दुपारी साधं जेवण आणि वर ताक.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, निघण्याआधी वीस मिनिटं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, कानामागेही. दर दोन तासांनी पुन्हा. टोपी कडा असलेली घ्या, पुढे छज्जा असलेली मान उघडी टाकते. फोन उन्हात धरून नकाशा बघत राहिलात तर तापून स्क्रीन मंद होते, म्हणून वळणं आधीच पाठ करा. पॉवरबँक, सुटे पैसे, ओला रुमाल.

चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर सावलीत बसवा, मानेवर ओला रुमाल ठेवा, घोट-घोट पाणी द्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं असलं तर वाट बघू नका, १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहा.

उत्तरायणाच्या आठवड्यात, म्हणजे १४-१५ जानेवारीच्या आसपास, गळ्याभोवती जाड रुमाल गुंडाळा; रस्त्यावर आडवा आलेला मांजा पायी चालणाऱ्यालाही कापतो. आणि संध्याकाळी कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेतच, विश्वामित्री नदी बघायची ती पुलावरून. नदीत मगरी आहेत, काठाच्या गवतात फोटोसाठी उतरू नका आणि मुलांचा हात सोडू नका.