गरोदर बाईची दाढ दुखते? तालुक्याला निघण्याआधी एवढं करा

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे लवंग दाबून ठेवतात आणि "बाळंतपण होऊ दे, मग पाहू" म्हणतात. असं थांबू नका. गरोदरपणात हिरड्या सुजतात, ब्रश केला की रक्त येतं, किडलेली दाढ आणखी बिघडते. जागेपुरती भूल देऊन दाढ भरता येते, गरज पडली तर काढताही येते. चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा. पण गाल सुजला, पू झाला, ताप आला, तर महिना मोजू नका, त्याच दिवशी निघा.

पैशाची काळजी आधी मिटवू. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, तपासण्या, औषधं मोफत आहेत, पण दातांचं नाव त्यात वेगळं नाही. म्हणून हक्क सांगायचा तो राज्याच्या निर्णयावर: १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे, आणि हे सगळ्यांनाच. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे फी लागू शकते.

गावच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, दातांचे डॉक्टर सहसा नसतात. ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भेटतात, तेही रोज असतीलच असं नाही. म्हणून आशाताईला किंवा सिस्टरला आधी फोन करून वार विचारून घ्या. पीएचसीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली तर बरं. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते, तेव्हा दात दाखवून घ्या. दाढेच्या कामाला मात्र वेगळा दिवस मागा, कारण त्या दिवशी गर्दी फार.

पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रक्ताचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. गोळीचं नाव आठवत नाही, पाकीट दाखवलं की डॉक्टरांना कळतं. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आहे, तुम्हाला असेल तर त्याचा कागद सगळ्यात वर ठेवा. उपाशी जाऊ नका, भाकर-भाजी खाऊन निघा, पाण्याची बाटली घ्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. सोबत सासू, जाऊ, कोणीतरी असू द्या.

खुर्चीवर बसण्याआधी कितवा महिना ते स्वतःहून सांगा, पोट अजून दिसत नसेल तर नक्कीच. पोट मोठं असेल तर उताणं झोपून चक्कर येते. उजव्या कुशीखाली चादरीची घडी मागा आणि थोडं डावीकडे कला. एक्स-रे लागला तर पोटावर शिशाचा एप्रन मागा. मेडिकलमधून मनाने आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिनने तर बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

खर्रा, गुडाखू चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं, हे मी कळकळीने सांगते. ओकारी झाल्यावर लगेच ब्रश नको, आधी साध्या पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा.

कोणी पैसे मागितले किंवा औषध बाहेरून आणायला सांगितलं, तर भांडू नका, गप्पही बसू नका. कागदावर लिहून मागा आणि तिथल्याच वैद्यकीय अधीक्षकांना भेटा.