बोलिंगच्या चेंडूत अंगठा अडकत असेल तर
टेनपिन बोलिंगचा (म्हणजे चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडायच्या खेळाचा) चेंडू निवडताना बहुतेक जण आधी वजन पाहतात. माझ्या मते पकड आधी तपासावी. अंगठा भोकात पूर्ण घालून मधले बोट आणि अनामिका चेंडूवर सपाट टेकवावीत. साध्या पकडीत (जिच्यात बोटे दुसऱ्या सांध्यापर्यंत भोकात जातात) त्यांच्या दुसऱ्या सांध्याची रेघ बोटांच्या भोकांच्या अंगठ्याकडच्या कडेपलीकडे साधारण 6 मिलिमीटर गेली, तर अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधले अंतर योग्य समजावे. अंगठ्याचे भोक सैल असले की चेंडू निसटेल या धास्तीने आपण नकळत अंगठा आवळतो, आणि जो अंगठा बोटांच्या आधी अलगद सुटायला हवा तोच अडकून बसतो. (बोलिंग सेंटरमधल्या सामायिक चेंडूंत हे हमखास घडते.) खेळताना अंगठा थोडा फुगतो किंवा आकसतो, म्हणून स्वतःच्या चेंडूच्या भोकात बोलिंगची टेप लावून गरजेप्रमाणे तिचे थर कमी-जास्त करावेत.