पावसाळ्यात जाम गेटचा घाट मोटारसायकलवर: इंदूरहून निघण्याआधी आणि वाटेत

मुंबईकराच्या वाट्याला घाट बहुधा आधी चढाचा येतो. इंदूरकराचं उलटं. आपण मुळातच माळव्याच्या पठारावर राहतो, त्यामुळे महू सोडून जाम गेटला, म्हणजे पठाराच्या काठावरच्या जुन्या दरवाज्याला, पोहोचलं की रस्ता थेट खाली नर्मदाकाठच्या निमाडात कोसळतो. जाताना उतार, येताना चढ. सगळी तयारी या उताराच्या हिशोबाने करायची असते.

मार्ग सरळ आहे: इंदूर, महू, जाम गेट, मंडलेश्वर, महेश्वर. जाम गेट सुमारे ५० किलोमीटरवर, महेश्वर ९० च्या आसपास. पेट्रोल महूतच भरून घ्या. रविवार टाळता आला तर टाळाच. गेटजवळ मोटारी आडव्यातिडव्या लागतात आणि सेल्फीवाले वळणावरच उभे असतात. सकाळी सहाला निघालात तर घाट मोकळा मिळतो.

हवा घरूनच, टायर थंड असताना तपासा. १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५, मागे एकट्याला २८-२९ आणि डबलसीट ३२-३३ पीएसआय लागते. नेमका आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर असतो. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका. हवा कमी झाली की टायरच्या खाचा दबतात, पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगायला लागतं. खाचेतल्या टीडब्ल्यूआय खुणेपर्यंत (झीज दाखवणारा छोटा उंचवटा) टायर झिजला असेल तर आधी टायर बदला, मग घाटाचा विचार करा.

चेनला खालच्या बाजूला मध्यावर २० ते ३० मिलिमीटर ढील असावी. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल निघते. तेल आदल्या रात्री द्या, म्हणजे ते आत मुरतं. सकाळी दिलेलं तेल उडून मागच्या टायरवर येतं. क्लचची वायर लिव्हरजवळ एक तार तुटलेली दिसली तरी बदला, आणि एक जादा वायर जुन्या वायरीला समांतर बांधून ठेवा. घाटात ती वायर तुटली तर दहा मिनिटांत काम होतं. पुढच्या डिस्कचं ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलून घ्या: ते हवेतली ओल शोषतं, लांब उतारावर तापून उकळतं आणि लिव्हर स्पंजासारखा मऊ पडतो.

अंगावर पँट-जॅकेटचा रेनसूट हवा. उडता पोंचो, ओढणी, पदर हे चेनमध्ये किंवा चाकात जाणारच. हेल्मेटची काच साधी, पारदर्शक. काळी काच धुक्यात घातक ठरते.

महूपासून गेटपर्यंतचा सपाट रस्ता लोक हलक्यात घेतात, आणि पावसातली बरीच घसरगुंडी इथेच होते. कारण काळी माती. ट्रॅक्टर शेतातून डांबरावर चढतो आणि चाकाला चिकटलेले गोळे पन्नास-शंभर मीटर सांडत जातो. नुसती रिमझिम झाली की त्याचा साबण होतो. जोराच्या पावसात तो धुऊन तरी जातो. रस्त्यावर गडद, चकचकीत पट्टे दिसले की थ्रॉटल आधीच कमी करा, पट्ट्यावरून गाडी सरळ उभी न्या, आणि त्यावर असताना पुढचा ब्रेक मुळीच लावू नका.

अहिल्याबाईंच्या काळात, १७९१ साली बांधलेल्या या दरवाज्यापाशी थांबा. गाडी वळणावर लावू नका. पहिल्या गिअरमध्ये टाकून, तोंड चढाकडे करून उभी करा आणि साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर ओल्या मातीत स्टँड रुतून गाडी आडवी होते. दोन्ही ब्रेक दाबून पाहा. मग उतरा.

जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढाल, तो उतारही दुसऱ्यातच. न्यूट्रल नाही, क्लच दाबून घरंगळणं नाही, इंजिन बंद करणं तर अजिबात नाही. वेग इंजिनाने धरावा, ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत थोडा थोडा लावून सोडावा. ब्रेक सतत चेपून ठेवला की ड्रम तापतो आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. खालचा गिअर टाकताना क्लच झटक्यात सोडू नका. ओल्या रस्त्यावर मागचं चाक तेवढ्यानेही घसरतं.

वळणात डोळे वळण संपतं तिथे असावेत. डाव्या आंधळ्या वळणावर आपल्या लेनच्या उजव्या अंगाला राहिलं तर पुढचं लवकर दिसतं, पण मध्यरेषेला खेटू नका. समोरून येणारी बस वळण कापत येते. उजव्या वळणावर डावीकडे राहा, अगदी कडेच्या शेवाळावर आणि खडीवर मात्र जाऊ नका. तीव्र वळणांवर भरलेल्या टाकीतून डिझेल सांडलेलं असतं: इंद्रधनुषी तवंग दिसला की त्याला वळसा घाला. ढग खाली उतरले तर लो बीमच ठेवा, हाय बीम धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो.

रपट्यावरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर परत फिरा. पाणी चाकाच्या आसापर्यंत असलं तरीही नको. वाहतं पाणी गाडी आडवी ढकलतं. उथळ असेल तर पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये गिअर बदलायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग खोला, किक मारून पाणी उडवा. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलका धरून थोडं अंतर गाडी चालवा, म्हणजे ड्रम सुकतो.

वाट वाकडी करून पाताळपाणीच्या धबधब्याला जाणार असाल तर कठड्याच्या आतूनच बघा. चोरल नदीचं पाणी वर पठारावरच्या पावसाने वाढतं, इथे ऊन असलं तरी. जुलै २०११ मध्ये सहलीला आलेलं कुटुंब असंच अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेलं. पाणी गढूळ झालं किंवा काड्या-पाचोळा येऊ लागला की त्याच क्षणी खडकांवरून मागे या, चपला-पिशव्या तिथेच राहू द्या.

महेश्वरहून दुपारी तीनपर्यंत निघा. चढावर घाट सोपा असतो, पण ढग दुपारनंतर उतरतात आणि गुरं रस्त्यावर बसायला लागतात. घरी आलात की मडगार्डच्या आतली काळी माती ओली असतानाच पाण्याने काढा. वाळली की ती दगडासारखी होते आणि चाकाला घासते. चेन पुसून त्याच रात्री तेल द्या.