जाहिरात एक, पानं दोन: होमस्टेसाठी लँडिंग पेज कसं तपासायचं

दापोलीकडच्या काही होमस्टेवाल्यांच्या गूगल जाहिराती मी सांभाळते. माझं मत स्पष्ट आहे: पैसे जाहिरातीत कमी आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानावर जास्त बुडतात. पुण्याचा माणूस ‘मुरुड बीच होमस्टे’ असं शोधतो, क्लिक करतो, तुमच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि त्याला दिसतं काय, तर ‘निसर्गाच्या कुशीत आपले स्वागत आहे’. मागे सुरूच्या बनाचा फोटो. दर नाही, पत्ता नाही. माणूस उलट्या पावली परत.

म्हणून दोन पानं करायची आणि कुठलं चालतं ते बघायचं. पण बटण हिरवं की भगवं, असली तपासणी आपल्या कामाची नाही. चार खोल्यांच्या धंद्याला क्लिक येतात किती! त्यात रंगाचा फरक दिसणारच नाही. फरक करायचा तर ठळक करा. गिऱ्हाईक फोनवर सगळ्यात आधी जे विचारतं, त्याचं उत्तर एका पानाच्या अगदी वर द्या, दुसऱ्यावर नको.

तो प्रश्न कुठला, हे घरात फोन कोण घेतं त्यांनाच ठाऊक असतं. मुरुडच्या एका काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अगो, निम्मी माणसं विचारतात, जंजिरा किल्ला तुमच्याकडून किती लांब?” मुरुडं दोन आहेत ना! जंजिऱ्याचं मुरुड रायगडात, आपलं हर्णैजवळचं रत्नागिरी जिल्ह्यात. शोधणाऱ्याला हा घोळ माहीत नसतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे ‘जंजिरा’ हा शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकणं, म्हणजे तो शब्द घालून शोधणाऱ्याला जाहिरात दिसत नाही. मग पानं. पहिल्याचा मथळा जुनाच ठेवा. दुसऱ्यावर लिहा: ‘दापोलीचं मुरुड, हर्णै बंदराजवळ. दोघांना नाश्त्यासह २५०० रुपये. रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरावं.’

एका वेळी एकच गोष्ट बदला, असं सगळीकडे शिकवतात. मोठ्या कंपनीसाठी ते बरोबर आहे. इथे मी ठिकाण आणि दर दोन्ही एकदम बदलते. नेमकं कशामुळे जमलं हे कळण्यापेक्षा खोल्या भरणं महत्त्वाचं. फक्त फोटो दोन्हीकडे तेच आणि तेवढ्याच वजनाचे, म्हणजे फाइलच्या त्याच आकाराचे ठेवा. एक पान मोबाइलवर रखडत उघडलं, तर तुम्ही मजकूर तपासतच नाही, वेग तपासताय.

आता मांडणी. गूगल ऑप्टिमाइझ हे पानांची तुलना करायचं फुकटचं साधन ३० सप्टेंबर २०२३ ला बंद झालं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ते शोधत बसू नका. गूगल अ‍ॅड्समध्येच ‘एक्सपेरिमेंट्स’ आहे. तिथे कस्टम एक्सपेरिमेंट निवडा. चालू कॅम्पेनची, म्हणजे तुमच्या जाहिरातींच्या मोहिमेची, प्रत तयार होते. त्या प्रतीत जाहिरातींची फायनल यूआरएल (क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाची लिंक) तेवढी बदला, बाकी कशालाही हात लावू नका. वाटणी ५०-५० ठेवा आणि ती कुकीवर (ब्राउझरमध्ये राहणाऱ्या खुणेवर) करा, म्हणजे सकाळी एक पान पाहिलेल्या माणसाला रात्री शक्यतो तेच दिसेल. एकाच अ‍ॅड ग्रुपमध्ये (कॅम्पेनमधल्या जाहिरातींच्या गटात) दोन जाहिराती, दोन लिंक, असा शॉर्टकट बरेच जण मारतात. पण गूगल सहसा दोघींना सारखं दाखवत नाही. त्याला जी बरी वाटते तिलाच पुढे करतं आणि तुमची तुलना तिथेच वाकडी होते.

सगळ्यात मोठी अडचण मोजण्याची. आपल्याकडे फॉर्म कोण भरतं? सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. बटण दाबलं की गूगल ते कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकमधून साधलेलं काम, म्हणून मोजू शकतं, पण दाबणं म्हणजे बुकिंग नव्हे. यावर साधी युक्ती आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये पहिला मेसेज आधीच लिहून ठेवता येतो. एका पानावरून ‘खोलीची चौकशी’ असा मेसेज जाऊ द्या, दुसऱ्यावरून ‘मुक्कामाची चौकशी’. काकूंना काही समजावावं लागत नाही. अ‍ॅडव्हान्स आला की त्या चॅटचा पहिला मेसेज बघायचा आणि वहीत ‘खो’ किंवा ‘मु’ लिहायचं. ही वही मी गूगलच्या आकड्यांच्या वर ठेवते. दर दिसणाऱ्या पानावरून चौकश्या कमी आल्या तरी घाबरू नका. ज्यांना दर महाग वाटतो ते आधीच गळतात, उरलेले पैसे भरणारे असतात.

निकाल लावायची घाई नको. समजा दोन्ही पानांवर २००-२०० क्लिक झाले, एकीकडे १२ चौकश्या, दुसरीकडे १७. दुसरं जिंकलं? नाही, एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. हेच प्रमाण प्रत्येकी २००० क्लिकांवर टिकलं, १२० आणि १७०, तर मात्र खुशाल विश्वास ठेवा. तेवढे क्लिक यायला हंगाम संपेल, हे मला कळतं. म्हणूनच वर म्हटलं, फरक ठळक हवा. १२ ला ३० असं काही आलं, तर कमी क्लिकांतही निर्णय घेता येतो.

चाचणी पूर्ण आठवड्यांची करा. गुरुवार-शुक्रवारी ‘या वीकेंडला रूम’ शोधणारा आणि मंगळवारी मे महिन्याचं ठरवणारा, ही वेगळी माणसं. नाताळ, मे महिन्याची सुट्टी, गणपती हे दिवस मधे येत असतील तर चाचणी पुढे ढकला. तेव्हा कुठलंही पान चालतं. आणि भर पावसात केलेल्या चाचणीवरून मे महिन्याचं पान ठरवू नका.

दुसऱ्या पानाला नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका, अशी गूगलला सूचना) लावा, नाहीतर गूगलच्या फुकटच्या शोधात एकाच घराची दोन पानं दिसत राहतात. नवं पान जिंकलं तर एक्सपेरिमेंट ‘अप्लाय’ करा, जुनं जिंकलं तर नुसतं संपवा. जिंकलेलं पान नवं असेल आणि तेच कायम ठेवणार असाल, तर त्याचा नोइंडेक्स काढायला विसरू नका. हरलेलं पान पुसून टाकू नका, जिंकलेल्या पानावर रीडायरेक्ट करा, म्हणजे जुनी लिंक उघडली तरी तेच पान येतं. कुणीतरी ती लिंक घरच्या ग्रुपवर टाकलेली असते आणि मंडळी दिवाळीच्या तोंडावर तीच उघडतात.