पाठ्यपुस्तकातली ‘शांतता’ मोजू नका, सर्वनामं वाचा

शाळेची पुस्तकं मुलांना सहिष्णुता शिकवतात का, हे तपासायचंय? बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. एका इयत्तेची सगळी उतरवा, गणितासकट, आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष टिपा. प्रतिज्ञा, उद्देशिका, मूलभूत कर्तव्यं यांची पानं बाजूला ठेवा. ती छापली म्हणून आतला धडा सहिष्णू होत नाही.

आता खरी गोम. ‘शांतता’, ‘बंधुता’ हे शब्द किती वेळा आले ते मोजा, असा सल्ला सर्रास मिळतो. मीही दादरला घरी बसून पंधरा दिवस मोजत होते. आकडा मस्त फुगला. मग नीट पाहिलं, तर बऱ्याच जागी शांतता म्हणजे वर्गात गप्प बसणं! युद्ध थांबलं तरी शांतता आणि बाईंनी डोळे वटारले तरी शांतताच. वही फाडून टाकली.

त्यापेक्षा सर्वनामं धरा. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो, हे मराठी मुलाला शिकवावं लागत नाही. ‘आपले सण’ म्हणून कोणते येतात आणि कोणता सण ‘ते लोक’ साजरा करतात, तिथे खूण करा. ‘मुस्लीम बांधव ईद साजरी करतात’ हे वाक्य वरवर प्रेमळ, पण त्याच बाकावरच्या सलमाला पाहुणी करून टाकतं. सहिष्णुता म्हणजे उपकार नव्हे, असं युनेस्कोनं १९९५ च्या जाहीरनाम्यातच सांगितलंय.

इतिहासात मात्र हात आखडता घ्या. लढाया गाळा, असं सुचवणारे माझ्या डोक्यात जातात. आक्रमणाला आक्रमणच म्हणावं. पाहायचं एवढंच, की तेव्हाच्या सरदाराची करणी आज भायखळ्यात राहणाऱ्याच्या माथी मारली जाते का. धड्याखालचे प्रश्न जरूर वाचा. मुलं परीक्षेसाठी तेच घोकतात.

मग तीच पानं वेगळ्या वस्तीतल्या कुणाकडून वाचून घ्या, आपल्या खुणा न दाखवता. एका खासगी प्रकाशनाच्या गणितात मदनपुऱ्यातल्या मैत्रिणीनं बोट ठेवलं: बँकेत पैसे ठेवणारा नेहमी सुरेश, पंक्चर काढणारा नेहमी रहीम. मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं.

शेवटी एका पानाचं पत्र: इयत्ता, आवृत्ती, पान, ओळ, आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं ते. पाठ्यपुस्तक बालभारतीचं असेल तर पत्र पुण्याला, सेनापती बापट रस्त्यावरच्या कार्यालयात. पोच घ्यायला विसरू नका.