रासायनिक समतोल शिकताना या चुका टाळा

लातुरात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना एक प्रश्न मी दरवर्षी विचारतो. बंद सिरिंजमध्ये तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणि बिनरंगी डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हे दोन वायू समतोलात आहेत, म्हणजे सारख्या वेगाने एकमेकांत बदलत आहेत. टेट्रॉक्साइडचा एक मोल (रेणू मोजायचं ठरलेलं एकक) फुटला की डायऑक्साइडचे दोन मोल होतात. आता दट्ट्या दाबून आकारमान निम्मं केलं, तापमान तेच ठेवलं. रंगाचं काय होईल?

प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर येतं, "सर, फिका होईल." कारणही तोंडपाठ असतं: दाब वाढला, म्हणून अभिक्रिया कमी मोलच्या बाजूला सरकली, आणि त्या बाजूचा वायू बिनरंगी आहे. कारण अगदी बरोबर आहे, तरी उत्तर चुकलेलं आहे. सिरिंजकडे बाजूने बघितलं तर रंग आधी एकदम गडद होतो, मग थोडा उतरतो, आणि उतरूनही पहिल्यापेक्षा गडदच राहतो.

आकडे घालून बघू. सोयीसाठी समतोल स्थिरांक 'के' (समतोलात डायऑक्साइडच्या संहतीचा वर्ग भागिले टेट्रॉक्साइडची संहती) १ धरू आणि दोन्ही वायूंची संहती लिटरला १ मोल धरू. आकारमान निम्मं झालं त्या क्षणी दोन्ही संहती २ झाल्या. डायऑक्साइडचा वर्ग भागिले टेट्रॉक्साइड, म्हणजे ४ भागिले २, उत्तर २. या क्षणाच्या संहती घालून काढलेल्या किमतीला 'क्यू' म्हणतात. क्यू २ आहे, के १ आहे. क्यू मोठा, म्हणून अभिक्रिया मागे जाणार. किती मागे? लिटरला क्ष मोल टेट्रॉक्साइड नव्याने तयार झाला असं धरून समीकरण सोडवलं की क्ष ०.२५ येतो. डायऑक्साइड २ वरून १.५ वर उतरतो, टेट्रॉक्साइड २ वरून २.२५ वर चढतो. तपकिरी वायूचा प्रवास असा झाला: १, मग २, मग १.५.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए याने १८८४ मध्ये मांडलेला नियम इतकंच सांगतो, की समतोल लादलेला बदल कमी करतो. तो बदल पुसून टाकतो असं त्यात कुठेही नाही. मुलांच्या डोक्यात मात्र 'विरोध करतो' हे शब्द बसतात आणि त्यांचा अर्थ 'पूर्ववत करतो' असा घेतला जातो. माझ्या अनुभवात या धड्यातल्या निम्म्याअधिक चुकांचं मूळ इथे आहे.

समतोल आहे की नुसती पातळी स्थिर आहे?

जायकवाडीत जितकं पाणी येतंय तितकंच सोडलं जात असेल, तर नाथसागराची पातळी हलत नाही. हे उदाहरण समतोलासाठी सर्रास दिलं जातं, मीही काही वर्षं दिलं. आता देत नाही, कारण ते चुकीचं आहे. धरणात पाणी एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने जातं. ही स्थिर अवस्था झाली. समतोलात बाहेरून काही येत नाही, बाहेर काही जात नाही. त्याच वाटेने पुढची आणि मागची अभिक्रिया सारख्या वेगाने चालू असते.

झाकण घट्ट लावलेल्या स्टीलच्या बाटलीत अर्धं पाणी असेल, तर पाणी आणि वाफ यांच्यात समतोल होतो. अंगणातल्या रांजणात तो कधीच होत नाही. मे महिन्यात रांजणाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाफ वाऱ्यावर निघून जाते आणि परतत नाही. पाणी सतत उडत राहतं, उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. रांजणात समतोल झाला असता तर गार पाणी मिळालं नसतं.

याच धड्यातली दुसरी चूक म्हणजे समतोलात सगळं थांबतं असं मानणं. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करताना साध्या हायड्रोजनच्या मिश्रणाचा समतोल आणि जड हायड्रोजनच्या, म्हणजे ड्युटेरियमच्या मिश्रणाचा समतोल एकत्र केला, तर काही वेळाने दोन्ही जातींचे अणू असलेले अमोनियाचे रेणू सापडतात. एकूण अमोनिया बदललेला नसतो. अभिक्रिया थांबली असती तर अणूंची ही अदलाबदल झालीच नसती. आणि समतोलात दोन्ही बाजूंची मात्रा सारखी असते हाही गैरसमज आहे. सारखे असतात ते वेग.

तापमान: दोन प्रश्न एकत्र कालवू नका

'किती होईल' आणि 'किती लवकर होईल' हे वेगळे प्रश्न आहेत. उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) अभिक्रिया तापवली की पुढची अभिक्रिया मंदावते, असं उत्तरपत्रिकेत हमखास लिहिलेलं सापडतं. मंदावत नाही. तापवल्यावर दोन्ही दिशांचे वेग वाढतात. मागच्या अभिक्रियेची ऊर्जेची चढण जास्त उंच असते, म्हणून तिचा वेग जास्त पटीने वाढतो आणि समतोल मागे सरकतो. इथे 'के'ची किंमतच बदलते. संहती, दाब, उत्प्रेरक (स्वतः न संपता वेग वाढवणारा पदार्थ) यांपैकी कशानेही 'के' बदलत नाही. तो फक्त तापमानाचं ऐकतो.

अमोनियाच्या अभिक्रियेत एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजन मिळून दोन मोल अमोनिया होतो, आणि नायट्रोजनच्या एका मोलमागे सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे थंड ठेवलं तर अमोनिया जास्त मिळायला हवा. तरी कारखान्यात तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सिअस ठेवतात, कारण त्याखाली लोखंडाचा उत्प्रेरक असूनही अभिक्रिया रेंगाळते. ही तडजोड भरून काढायला दाब २०० वातावरणांच्या आसपास नेतात. इतकं करूनही एका फेरीत साधारण १५ टक्केच वायूंचा अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू परत आत सोडतात. रसायनशास्त्रज्ञ हाबरने प्रयोगशाळेत जमवलेली ही गोष्ट बॉशने १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली. कापसाला, उसाला टाकायच्या युरियाची ४५ किलोची गोणी आपण उचलतो ती याच तडजोडीतून आलेली असते. उत्प्रेरकाने अमोनिया जास्त मिळतो असं लिहू नका. तो लवकर मिळतो, एवढंच.

घन पदार्थ आणि निष्क्रिय वायू

हे दोन मुद्दे लहान आहेत, पण गुण इथेच जातात. बंद भांड्यात चुनखडी तापवून चुना आणि कार्बन डायऑक्साइड यांचा समतोल झाला असेल, तर आणखी चुनखडी टाकून काही हलत नाही. घन पदार्थ समतोलाच्या सूत्रात येतच नाही. 'के' म्हणजे त्या तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा दाब.

निष्क्रिय, म्हणजे अभिक्रियेत भाग न घेणाऱ्या वायूचा प्रश्न वाचताना आकारमान स्थिर आहे की दाब, हे आधी शोधा. आकारमान स्थिर ठेवून आरगॉन सोडला तर एकूण दाब वाढतो, पण अभिक्रियेतल्या वायूंचे आंशिक दाब (एकूण दाबातला प्रत्येकाचा वाटा) तेच राहतात, म्हणून समतोल हलत नाही. दाब स्थिर ठेवून सोडला तर भांडं फुगतं, आंशिक दाब उतरतात आणि अभिक्रिया जास्त मोलच्या बाजूला जाते. हायड्रोजन आणि आयोडीनच्या अभिक्रियेत दोन्ही बाजूंना मोल सारखे, म्हणून तिथे दोन्ही वेळा काहीच होत नाही.

बोअरचं पाणी आणि हीटरचा रॉड

आपल्याकडे हा धडा शिकायला प्रयोगशाळा लागत नाही. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे भरपूर. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास घेतात, त्यामुळे जमिनीच्या पोटातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पावसाचं पाणी तिथून मुरताना तो वायू उचलतं, आणि चुनखडी, पाणी, कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं, जे पाण्यात विरघळतं. हेच आपलं 'जड पाणी', म्हणजे पुस्तकातलं दुष्फेन पाणी; ड्युटेरियमचं जड पाणी वेगळं.

ते बोअरमधून वर आलं की परिस्थिती उलटते. उघड्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून पाण्यातला वायू बाहेर पडू लागतो. बादलीत रॉड टाकून पाणी तापवलं की तो आणखी झपाट्याने जातो, कारण गरम पाण्यात वायू कमी मावतो. एक उत्पादित सतत पळून जातंय, त्यामुळे अभिक्रिया चुनखडीच्या बाजूला चालत राहते आणि रॉडवर पांढरा थर चढतो. मुलं म्हणतात, "पाणी आटलं म्हणून क्षार उरला." पण झाकून तापवलेल्या, जराही न आटलेल्या पाण्यातही तो थर बसतो. वर चुनखडीची विद्राव्यताही तापल्यावर कमी होते. 'गरम पाण्यात सगळं जास्त विरघळतं' हे साखरेवरून बांधलेलं गृहीत इथे फसवतं.

ठिबकच्या नळ्यांचे ड्रिपर याच थराने बुजतात. शेतकरी ॲसिड सोडून ते मोकळे करतात. ॲसिड कार्बोनेट आयन ओढून घेतं, घन चुनखडीला त्याची भरपाई करावी लागते, म्हणून ती विरघळत जाते. (ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.) चुनखडी तीच, पण जमिनीखाली विरघळते, रॉडवर साचते, नळीत पुन्हा विरघळते. कोणता पदार्थ आत येतोय आणि कोणता बाहेर जातोय, हे पाहिल्याशिवाय दिशा सांगता येत नाही.

'फक्त नऊ टक्के' म्हणू नका

युरिया जमिनीत गेला की त्यातून अमोनियम आयन तयार होतो. त्याचा आणि अमोनिया वायूचा समतोल पीएचवर (आम्लता-अल्कतेच्या मापावर) ठरतो: २५ अंशाला पीएच ९.२५ असेल तर दोन्ही निम्मे-निम्मे. पीएच ८.२५ ला दर १० अमोनियमला १ अमोनिया, म्हणजे सुमारे ९ टक्के. चुनखडीयुक्त जमिनीचा पीएच ८ च्या वर असणं आपल्याकडे नवल नाही. गणित इथपर्यंत बरोबर करून मुलं लिहितात, नुकसान जास्तीत जास्त ९ टक्के.

ही चूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती वहीतून थेट शेतात जाते. ९ टक्के हा बंद भांड्याचा हिशोब आहे. शेत उघडं आहे. तो अमोनिया वाऱ्यावर गेला की उरलेल्या अमोनियममधून पुन्हा अमोनिया तयार होतो, तोही जातो. ऊन वाढलं की वेग आणि प्रमाण दोन्ही वाढतात. वर पसरलेला युरिया उन्हात तसाच राहिला की नायट्रोजन किती जाईल याला ९ ची मर्यादा नाही. खत मातीआड करावं किंवा लगेच पाणी द्यावं, हा सल्ला याच समतोलावर उभा आहे: आत गेलेला अमोनिया माती आणि ओल धरून ठेवतात.

नियम कुठे अपुरा पडतो

अमोनियाच्या समतोलात नायट्रोजन वाढवला की अभिक्रिया पुढे जाते, हे पाठ असतं. दाब स्थिर ठेवला आणि मिश्रणात नायट्रोजनचा मोल अंश (एकूण मोलमधला वाटा) आधीच ०.५ च्या वर असला, तर नायट्रोजन घालूनही अभिक्रिया मागे जाते. भांडं फुगल्याने हायड्रोजनचा आंशिक दाब उतरतो, आणि सूत्रात हायड्रोजनचा घात ३ आहे. ल शातेलिएच्या वाक्यावरून हे सुचणार नाही. क्यू काढला की लगेच दिसतं. म्हणून माझा आग्रह आहे की नियमाने अंदाज बांधा, निर्णय क्यू आणि के यांच्या तुलनेवर सोडा. क्यू लहान असेल तर पुढे, मोठा असेल तर मागे.

उत्तर जुळत नसेल तर

आधी समीकरण कोणत्या दिशेने लिहिलंय ते बघा. उलटं लिहिलं की 'के'चा व्यस्तांक घ्यावा लागतो, दुप्पट करून लिहिलं तर वर्ग. मग मोलला आकारमानाने भागलंय का ते तपासा; २ लिटरच्या भांड्यात ही चूक हटकून होते. मोल दोन्ही बाजूंना सारखे असले की न भागताही उत्तर बरोबर येतं, आणि तीच सवय पुढच्या गणितात नडते.

वर्गसमीकरणाची दोन उत्तरं आली तर कुठलं टाकायचं, हेही विचारतात. सिरिंजच्या गणितात ४क्ष² − ९क्ष + २ = ० येतं, आणि क्ष ०.२५ किंवा २. क्ष २ घेतला तर नायट्रोजन डायऑक्साइड २ − ४, म्हणजे उणे २ होतो. संहती उणे असू शकत नाही, म्हणून ते गेलं. ०.२५ उरला. तो परत सूत्रात घाला: १.५ चा वर्ग २.२५, त्याला टेट्रॉक्साइडच्या २.२५ ने भागा. १ येतो, आणि 'के' १ होता.